न केलेलं ऑपरेशन : एका नाकाची केस

खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच त्याने फोन माझ्या हातात दिला. नाकाच्या फोटोंचा वेगळा फोल्डर, आत दोनशेच्या वर फोटो, बहुतेक सगळे हात लांब करून स्वतःच काढलेले. "डॉक्टर, हा बघा. आणि हा. इथे तर शेंडा बटाट्यासारखा दिसतोय." मी फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. टेबलापलीकडून, साधारण चार फुटांवरून, नाक चांगलं दिसत होतं. पण हे पहिल्या भेटीत पेशंटला ऐकवायचं नसतं. "तुमचं नाक छान आहे" म्हटलं की त्याला ऐकू येतं, "तुमची तक्रार खोटी आहे."

वय ३१, पुरुष. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाकाचे तपशील मात्र आहेत तसेच. पंधराव्या वर्षी खेळताना नाकावर मार बसला, दांडा डावीकडे कलला आणि मध्ये उंचवटा आला. श्वासही एका बाजूने कोंडायचा. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका सर्जनने दोन नाकपुड्यांमधला पडदा सरळ करून, उंचवटा घासून, नाकाची हाडं बाजूंनी कापून आत घेतली होती. नाक सरळ झालं. पहिले दोन-तीन महिने हा खूष होता. मग कामाची पद्धत बदलली, दिवसाचे पाच-सहा तास व्हिडिओ कॉलवर जाऊ लागले, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःचं नाक सतत समोर राहू लागलं.

तक्रारी त्याने कागदावर लिहून आणल्या होत्या. शेंडा जाड. शेंड्याच्या वर फुगवटा, बाजूने बघितलं तर पोपटाच्या चोचीसारखा. डाव्या बाजूला दांड्यावर खोच. डावी नाकपुडी अधूनमधून बंद. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: "रिव्हिजन कधी?", म्हणजे दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन. पुढच्या महिन्यात त्याला रजा मिळत होती, म्हणून घाई.

नाकाच्या तपासणीत डोळ्यांइतकंच काम बोटं करतात. फुगवट्यावर तर्जनी ठेवून हळू दाबलं. खाली स्पंजासारखं लागलं. बोट उचलल्यावर जागा सावकाश भरून आली. कूर्चा, म्हणजे नाकाचं लवचीक हाड, उरलेली असती तर बोटाला धार लागली असती, टणक. मी विचारलं, फुगवटा सकाळी जास्त वाटतो की संध्याकाळी? तो म्हणाला, सकाळी. बायको सोबत होती, तिनेही मान डोलावली. इथेच अर्धं निदान झालं. कूर्चा घड्याळ बघून कमीजास्त होत नाही, सूज होते.

खोच मात्र खरी होती. डावीकडे, नाकाचं हाड जिथे संपतं आणि कूर्चा सुरू होते त्या काठाला, बोट सरकवताना लहानशी पायरी लागत होती. मापाने १ मिलिमीटरच्या आसपास. ऑपरेशनमध्ये हाड कापून आत बसवलं की असे काठ राहू शकतात; त्या जागी कातडी नाकभरात सगळ्यात पातळ असते, त्यामुळे लपायला जागा मिळत नाही. शेंड्याची कातडी उलट जाड, तेलकट, रंध्रं मोठी. पुरुषांत असं बरेचदा असतं.

श्वासासाठी गाल बोटांनी बाहेर ओढून श्वास घ्यायला सांगितलं. नाकाच्या आतली सर्वांत अरुंद जागा, जिथे पडदा आणि वरची कूर्चा एकमेकांना १० ते १५ अंशांच्या कोनात भेटतात, ती ऑपरेशननंतर खचली असेल तर या युक्तीने लगेच मोकळं वाटतं. त्याला काही फरक पडला नाही. दुर्बिणीतून आत बघितलं: पडदा सरळ, पण दोन्ही बाजूंचे टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरचे मांसल उंचवटे, फिकट आणि सुजलेले. शिंका येतात? येतात. सकाळी उठल्यावर? हो, दहा-बारा. म्हणजे श्वासाची तक्रार ॲलर्जीची निघाली. "नाकाचं हाड वाढलंय" म्हणत येणाऱ्या कितीतरी लोकांचं हाड जिथल्या तिथे असतं आणि ॲलर्जी वाढलेली असते. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं की सांगूनही कानाआड गेलं होतं, देव जाणे.

दुर्बीण आत असतानाच बोथट सळईने पडदा चाचपला. मधला बराचसा भाग मऊ लागला: दोन्हीकडचं अस्तर एकमेकाला चिकटलेलं आणि मध्ये कूर्चाच नाही. पहिल्या सर्जनची ऑपरेशन नोट मी मागवून घेतली, आणि ही नोट वाचल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनबद्दल एक शब्दही बोलू नये असं माझं मत आहे. नोट व्यवस्थित होती. पडद्यातली कूर्चा काढून तिच्या पट्ट्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला लावल्या होत्या, एक तुकडा दोन नाकपुड्यांमधल्या खांबात टेकू म्हणून घातला होता. वर आणि पुढे साधारण १० मिलिमीटरची चौकट तेवढी शिल्लक ठेवली होती. याहून कमी ठेवली तर दांडा खाली बसण्याची भीती, म्हणजे त्यातून आता काही काढता येणार नाही. काम नीट केलेलं होतं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारण दुसऱ्या मताला आलेल्या पेशंटच्या मनात बहुतेक वेळा "पहिल्याने वाट लावली" हे पक्कं असतं, आणि आमच्यापैकी काहींना ते ऐकायला गोड लागतं. दुसऱ्याचं बिघडलेलं काम आपण सावरायचं यासारखी नशा नाही. त्या नशेतच नको ती ऑपरेशनं होतात.

पहिल्या भेटीतला निर्णय अवघड नव्हता. आठव्या महिन्यात नाक अजून बरं होत असतं. कातडी उचलली की तिच्यातल्या पाण्याचा निचरा करणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या तुटतात, पाणी साचतं, खाली व्रण तयार होतो आणि तो घट्ट होऊन आकसायला वेळ घेतो. वरच्या भागाची सूज आधी जाते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. किमान १२ महिने थांबायचं हा रूढ नियम. कातडी जाड असेल तर दीड-दोन वर्षंही. त्याआधी आत शिरलं तर सुजलेल्या, रक्ताळलेल्या, धड ओळखू न येणाऱ्या थरांत काम करावं लागतं, आणि आपण दुरुस्त काय करतोय, कूर्चा की सूज, हेच कळत नाही. याला अपवाद आहेत. पडद्यात रक्त साचणं, संसर्ग, बाहेर डोकावू लागलेला तुकडा, श्वास पूर्ण कोंडणं: यात थांबायचं नसतं. त्याच्यात यातलं काही नव्हतं.

मी लिहून दिलं ते असं: ॲलर्जीसाठी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे, रोज, आणि मारण्याची रीत समोर करून दाखवली, नळी पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. रात्री झोपताना शेंड्याच्या वर कागदी चिकटपट्टी. फुगवट्यात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन, खोलवर, कातडीत नाही, कारण कातडीत गेलं तर ती पातळ होऊन खळगा पडतो आणि मग खरंच दुरुस्तीची वेळ येते. सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. आणि फोनवर नाकाचे फोटो काढणं बंद.

या शेवटच्या गोष्टीवर तो अडला. "म्हणजे फोटो खोटे का?" खोटे नाहीत, जवळचे आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दाखवलं होतं की ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत पुरुषाचं नाक, दीड मीटरवरून घेतलेल्या फोटोच्या मानाने, चेहऱ्याच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असतो तो शेंडा, फुगतो तोच. मी त्याला भिंतीपाशी उभं केलं, दीड मीटरवर तिपाई लावली, समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून असे फोटो घेतले. मग त्याच्याच फोनवर हात लांब करून एक काढायला लावला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. पटलं असं म्हणणार नाही. पण नाकं दोन वेगळ्या माणसांची वाटत होती एवढं त्याने मान्य केलं.

एक प्रश्न मला बायकोसमोर विचारायचा नव्हता, म्हणून तिला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. दिवसातला किती वेळ नाकाचा विचार चालतो? तो म्हणाला, तास-दीड तास, कॉल असतील तर जास्त. काही टाळता? कॅमेरा बंद ठेवतो, एका लग्नाला गेलो नाही. हे ऐकून कुणीही सावध व्हावं. दिसण्यातल्या किरकोळ किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाने मन व्यापून टाकण्याचा एक आजार आहे. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ साली त्याचं वर्णन करून त्याला डिस्मॉर्फोफोबिया म्हटलं, आता तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाने ओळखला जातो आणि मंत्रचळेपणाच्या जातकुळीत मोडतो. नाकाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांत त्याचं प्रमाण इतर लोकांपेक्षा बरंच जास्त आढळतं. या आजारात सुरी चालवून सहसा समाधान मिळत नाही. दोष जागा बदलतो, नाही तर त्याच जागी आणखी मोठा वाटू लागतो. उपचार म्हणजे विचार-वर्तन थेरपी आणि गरज असेल तर औषधं. मी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. कारण उघड सांगितलं. "मी वेडा आहे असं म्हणताय?" मी म्हटलं, भूल देण्याआधी हृदयाची पट्टी काढतो तेव्हा हृदय बिघडलंय असं म्हणतो का?

अहवाल आला: आजाराचे निकष पूर्ण होत नाहीत. नव्या कामाचा ताण आहे, झोप कमी आहे, आणि वारंवार नाक तपासण्याची सवय लागली आहे. सल्ला साधा होता. व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचा चौकोन लपवायची सोय असते, ती वापरा. हे मला सुचलं नव्हतं हे कबूल करतो. तेव्हापासून मी ते प्रत्येकाला सांगतो.

१५व्या महिन्यात तो परत आला. श्वास मोकळा. फुगवटा जवळपास सपाट. बाजूच्या फोटोत दांड्याची रेघ शेंड्यापर्यंत सरळ उतरत होती. शेंडाही थोडा बारीक झाला होता. खोच मात्र आधीपेक्षा जास्त दिसत होती, आणि ते स्वाभाविकच होतं: वरची सूज ओसरली की खालचा काठ उघडा पडतो. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं तीन बाबतीत खरं ठरलं, चौथ्या बाबतीत थांबून तक्रार वाढली. त्याने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "आता तर वर्ष उलटलं. मन ठीक आहे असं तुमच्याच माणसाने लिहून दिलंय. खोच तुम्हालाही लागतेय. मग आता का नाही?"

ही केस लिहाविशी वाटली ती या प्रश्नामुळे. घाई, सूज, मनाचा आजार ही ऑपरेशन नाकारायची ठरलेली कारणं. ती सगळी दूर झाली होती. धूम्रपान नव्हतं, नाकाचा पडदा खाणारा एखादा रक्तवाहिन्यांचा आजार किंवा कोकेनचं व्यसन नव्हतं. दोष खरा होता. तरीही माझं उत्तर नाही असंच होतं.

त्याची मागणी दोन भागांची होती: खोच भरायची आणि शेंडा आणखी रेखीव करायचा. आधी शेंडा. त्याचा सांगाडा पहिल्याच वेळी बारीक केलेला होता. आता जे जाड दिसत होतं ती कातडी होती. आत कूर्चा कितीही कोरली तरी जाड कातडीवर कोरीवकाम उमटत नाही, जाड गोधडीखाली ठेवलेल्या खुर्चीच्या कडा दिसत नाहीत तसं. उलट कूर्चा अजून कमी केली तर आधार जातो, आणि मग कातडी आकसताना शेंडा चिमटल्यासारखा होतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते, श्वास घेताना भिंती आत ओढल्या जातात. कडक टेकू घालून कातडी ताणायची तर त्याला कूर्चा हवी. पडद्यात ती उरलेली नाही. कानाची मऊ आणि वक्र, ती टेकूला फारशी कामाची नाही. राहिली बरगडीची: म्हणजे छातीवर वेगळी चीर, वेदना, फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याची लहानशी पण खरी शक्यता, आणि पुढे तो तुकडा हळूहळू वाकण्याची भीती. शिवाय दोन नाकपुड्यांमधली जुनी चीर पुन्हा उघडायची. तिथून शेंड्याला वर जाणारी बारीक रक्तवाहिनी पहिल्या वेळीच तुटलेली असते. शेंडा बाजूच्या वाहिन्यांवर जगतो. व्रणातून कातडी पुन्हा सोलताना त्या दुखावल्या तर शेंड्याची कातडी काळी पडू शकते. असं क्वचित होतं. पण झालं तर ते नाक पुन्हा पहिल्यासारखं करणं कुणाच्याच हातात उरत नाही.

राहिली खोच. तिच्यासाठी एवढं सगळं उघडायची गरज नाही हे खरं आहे. नाकाच्या आतून लहान चीर देऊन, एक कप्पा करून, कानशिलावरच्या स्नायूचं पातळ आवरण किंवा बारीक कुटलेली कूर्चा तिथे सरकवता येते. चांगले सर्जन हे करतात, आणि याच पेशंटसाठी केलं असतं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. माझी अडचण मापाची होती. १ मिलिमीटरची खोच भरायला घातलेला तुकडा सरकू शकतो, थोडा विरघळू शकतो, कडेने दिसू शकतो. तेही कातडी सर्वांत पातळ असलेल्या जागी. खोचेच्या जागी उंचवटा येण्याची शक्यता मला खोच नीट बुजण्याइतकीच वाटत होती. दोष मोठा असेल तर अर्धा सुधारला तरी पेशंटचा फायदा. दोष आमच्या हाताच्या अचूकपणाएवढाच लहान असला की अर्धवट यशाला तिथे वावच नसतो.

त्याने फिलरचं, म्हणजे सुईने जेल भरून खोच बुजवण्याचं, विचारलं, विचारणारच. हायलुरोनिक ॲसिडची सुई, दहा मिनिटांचं काम, असं त्याने ऐकलं होतं. ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांच्या वाटा बदललेल्या असतात, व्रणात जेल कुठे पसरेल याचा भरवसा नाही, आणि ते वाहिनीत शिरलं तर कातडी मरते, क्वचित डोळ्याची दृष्टी कायमची जाते. १ मिलिमीटरसाठी डोळा पणाला लावायला मी त्याच्या जागी तयार झालो नसतो. तसंच सांगितलं.

आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगायला मला आवडत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका पेशंटचा हट्ट मी मानला होता. तेव्हाही दोष लहान होता, तेव्हाही ऑपरेशन कागदावर सोपं होतं. खोच बुजली. पण सहा महिन्यांनी त्याच बाजूची नाकपुडीची कड वर चढली आणि समोरून नाकपुडीचा आतला भाग दिसू लागला. ती बाई खोच घेऊन आली होती, ती कुणाला दिसत नव्हती. गेली ती जे सगळ्यांना दिसतं ते घेऊन. तिसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं, कानातून कूर्चा घेऊन, आणि तरी ती कड पूर्ण खाली आली नाही. माझ्या हातून तांत्रिक चूक झाली होती का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. व्रण कुठे किती आकसेल हे सर्जनच्या हातात नसतं. आत शिरायचं की नाही एवढंच असतं.

तो रागावला नाही, पण निराश झाला. बायको म्हणाली, "मी तर याला कधीपासून सांगतेय." मी तिला थांबवलं. घरच्यांचं "काही नाही रे" हे वाक्य अशा वेळी काडीचंही उपयोगी पडत नाही; खोच आहे, बोटाला लागते, आणि ती त्याला खुपते यात खोटं काही नाही. मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला आवडला: "कशाने तुमचं मत बदलेल?"

उत्तर मी केस पेपरवरही लिहून ठेवलं. श्वास पुन्हा कोंडला आणि गाल ओढल्यावर मोकळा झाला, तर. दांडा खचायला लागला, तर. घातलेला एखादा तुकडा कातडीखालून वर यायला लागला किंवा त्यावरची कातडी लाल, पातळ झाली, तर वाट न बघता लगेच. खोच दोन-अडीच मिलिमीटरची झाली, म्हणजे दीड मीटरवरच्या फोटोत अनोळखी माणसालाही सहज दिसली, तर. यातलं काही झालं तर पहिली भेट माझ्याकडे नको, आधी पहिल्या सर्जनकडे जा, असंही सांगितलं. त्या नाकाच्या आत काय काय ठेवलंय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि आणखी एखादं मत हवं असेल तर जरूर घ्या, ऑपरेशन नोट आणि हे फोटो बरोबर न्या. पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्याकडे मात्र थांबू नका.

त्याने आणखी एक मत घेतलं, हे मला नंतर कळलं. त्या सर्जनने करू म्हटलं होतं. तरीही त्याने केलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशनला दोन वर्षं झाल्यावर तो आला तेव्हा स्प्रे संपला होता, त्यासाठी आला होता. त्याच भिंतीपाशी, त्याच तिपाईवरून मी पुन्हा फोटो घेतले. शेंडा अजून थोडा बसला होता. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "ती खोच आहे ना अजून?" मी त्याला परत बसवलं आणि बोट फिरवून बघितलं. डावीकडे, हाडाच्या काठाला. आहे, म्हटलं. केस पेपरवर लिहिलं: १ मि.मी., जैसे थे. स्प्रे तीन महिने.